खरेदीवरील परताव्याचा इतिहास : रॉचडेलच्या लाभांशापासून कॅशबॅक ॲपपर्यंत

प्रस्तावना

वस्तू विकत घेताना ग्राहकाने दिलेल्या किमतीचा काही अंश त्यास नंतर परत मिळणे, या व्यवहारास आज 'कॅशबॅक' असे म्हटले जाते. वाणसामान, कपडे, औषधे, प्रवासाची तिकिटे अशा नित्याच्या खरेदीत मोबाइलवरील ॲपद्वारे असा परतावा मिळवून घरखर्चात बचत करण्याची सवय मोठ्या शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही रुजली आहे. ही सर्व क्लृप्ती संगणकयुगाची निर्मिती आहे असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. खरेदीच्या प्रमाणात परतावा देण्याची प्रथा किमान एकशे ऐंशी वर्षांची जुनी असून तिचा उगम व्यापाऱ्याच्या जाहिरातीत नव्हे, तर कर्जाने पिचलेल्या विणकरांच्या सहकारी दुकानात आहे. त्या दुकानापासून आजच्या ॲपपर्यंत परताव्याचे बाह्य रूप फारसे बदलले नाही. मात्र तो कोणाच्या पैशातून येतो आणि त्याचा हिशेब कोणाच्या हाती असतो, या दोन बाबतींत मूलगामी बदल झाला. या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. वटाव आणि परतावा या दोन गोष्टी एक नव्हेत. वटावात दुकानदार किंमत जागच्या जागी कमी करतो आणि व्यवहार तेथेच संपतो. परताव्यात ग्राहक प्रथम पूर्ण किंमत देतो, काही काळ जातो आणि मग त्यातील थोडा भाग परत येतो. या मधल्या काळात ती रक्कम कोणीतरी वापरत असते, कोणीतरी तिची नोंद ठेवत असते आणि पुष्कळदा ग्राहक ती मागण्याचे विसरूनही जातो. परताव्याचा बहुतेक इतिहास या मधल्या काळातच घडलेला आहे.

रॉचडेलचे दुकान

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील रॉचडेल हे लोकरी कापडाच्या, विशेषतः फ्लॅनेलच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या आणि पाचव्या दशकांत तेथील विणकरांची स्थिती हलाखीची होती. यंत्रमागांच्या स्पर्धेमुळे मजुरी घटली होती. पगार पुरत नसल्याने दुकानदाराकडे उधारी करावी लागे आणि उधारी असल्यामुळे त्याच दुकानातून, तो सांगेल त्या भावाने व देईल तो माल घ्यावा लागे. पिठात, चहात आणि साखरेत भेसळ हा त्या काळी नित्याचा प्रकार होता. महाराष्ट्रातील सावकारीचा इतिहास ज्यांस परिचित आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच की येथे सावकाराची वही शेतावर चढत असे, तेथे ती स्वयंपाकघरावर चढलेली होती.

अशा परिस्थितीत २८ सभासदांनी आठवड्यास दोन-तीन पेन्स अशा वर्गणीतून २८ पौंड भांडवल उभे केले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. दुकानातील माल म्हणजे लोणी, साखर, मैदा, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. 'रॉचडेल इक्विटेबल पायोनिअर्स सोसायटी' या संस्थेचे नियम मात्र त्या मालापेक्षा कितीतरी मोलाचे ठरले. विक्री रोखीनेच करावयाची, भाव बाजारभावाप्रमाणे ठेवावयाचा, माल शुद्ध व माप पुरे द्यावयाचे, भांडवलावर ठरावीक मर्यादेतच व्याज द्यावयाचे आणि उरलेली शिल्लक सभासदांत त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात वाटावयाची, असे ते नियम होते. खरेदीवर लाभांश देण्याची कल्पना रॉचडेलने प्रथम शोधली असे नव्हे. यॉर्कशायरमधील मेल्थॅम मिल्स येथे १८२७ मध्ये तिचा प्रयोग झालेला होता. रॉचडेलचे श्रेय असे की, तेथे ती कल्पना रोखीचा व्यवहार आणि एक सभासद एक मत या दोन तत्त्वांशी जोडली गेली व टिकली.

भाव बाजाराइतकाच ठेवण्यामागील युक्ती विचारात घेण्याजोगी आहे. दुकानाने माल थेट स्वस्त दिला असता तर आठवड्याकाठी वाचलेले चार पेन्स त्याच आठवड्यात खर्च झाले असते. तीच बचत दुकानाच्या वहीत साठून तिमाहीच्या अखेरीस एकरकमी हाती आली, म्हणजे मुलांचे बूट, हिवाळ्याचे कपडे किंवा घरभाड्याची थकबाकी भागत असे. पुढे ब्रिटनमधील कामगार वस्त्यांत लाभांशाचा दिवस हा सणासारखा मानला गेला आणि सहकारी दुकानातील आपला सभासद क्रमांक घरातील लहान मुलासही पाठ असे. कुटुंब जितके मोठे तितकी खरेदी अधिक आणि तितका परतावा अधिक. भांडवलदारास मिळणारा नफा येथे खाणाऱ्या तोंडांच्या संख्येप्रमाणे वाटला जात होता, असे म्हणण्यास हरकत नाही. स्त्रियांनाही स्वतःच्या नावे सभासद होता येत असे. विवाहित स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेस इंग्लंडच्या कायद्याने १८७० आणि १८८२ च्या अधिनियमांनी क्रमाक्रमाने मान्यता दिली, हे लक्षात घेता या तरतुदीचे महत्त्व ध्यानी येते.

आणखी एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. परतावा किती द्यावयाचा हे सभासदांच्या सभेत ठरत असे. मालाची खरेदी किती, भाडे किती, शिल्लक किती याचा हिशेब त्यांच्यापुढे वाचला जाई व तो तपासण्याचा त्यांना हक्क होता. परतावा ही मेहेरबानी नव्हती. सभासदांकडून घेतलेली जास्तीची किंमत त्यांनाच परत केली जात होती.

तथापि ही व्यवस्था निर्दोष होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक सहकारी दुकानांत अधिकाधिक लाभांश देण्याची चढाओढ लागली. लाभांश वाढवावयाचा तर भाव चढे ठेवावे लागत आणि चढे भाव ज्यांना परवडत नसत ते अतिगरीब लोक दुकानाच्या पायरीशीच थांबत. विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड या १८८३ साली स्थापन झालेल्या स्त्री-संघटनेने, विशेषतः तिच्या सचिव मार्गारेट लेवेलिन डेव्हिस यांनी, या विसंगतीवर बोट ठेवले. १९०२ मध्ये संडरलँड येथे गरीब वस्तीत कमी भावाने व थोड्या थोड्या प्रमाणात माल विकणारी शाखा उघडण्यात आली. दोनच वर्षांत तो प्रयोग अंतर्गत मतभेदांमुळे आटोपला. परतावा मिळवण्यासाठी आधी पूर्ण किंमत मोजण्याची ऐपत लागते, हा त्यातून पुढे आलेला मुद्दा नंतरच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

चिकट तिकिटांचे युग

अमेरिकेत परताव्याने वेगळे वळण घेतले. मिलवॉकी येथील शुस्टर या दुकानाने १८९१ च्या सुमारास खरेदीवर तिकिटे देण्यास प्रारंभ केला. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने त्यास स्वतंत्र धंद्याचे स्वरूप दिले. ही कंपनी काहीही विकत नसे. ती हिरवी तिकिटे छापून दुकानदारांना विके. दुकानदार ती ग्राहकास खरेदीच्या प्रमाणात फुकट देत. ग्राहक ती पुस्तिकेत डकवून, पुस्तिका भरल्या की कंपनीच्या केंद्रातून भांडी, दिवे, चादरी अशा वस्तू घेत.

वरवर पाहता हा रॉचडेलचाच लाभांश वाटतो. वस्तुतः दुकानदार आणि ग्राहक यांच्यामध्ये येथे प्रथमच तिसरा पक्ष येऊन बसला. परताव्याचा दर सभेत नव्हे, कंपनीच्या कचेरीत ठरू लागला आणि हिशेबाची वही ग्राहकाच्या दृष्टीआड गेली. शिवाय तिकिटे दिल्यापासून ती वटवली जाईपर्यंत दुकानदारांनी दिलेली रक्कम कंपनीकडे बिनव्याजी पडून राही. हरवलेली, फाटलेली, फडताळात विसरलेली तिकिटे तर कधीच परत येत नसत. या पडून राहिलेल्या पैशाचे सामर्थ्य केवढे होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील ब्लू चिप स्टॅम्प्स ही कंपनी. वॉरन बफे व चार्ली मंगर यांनी तिच्यात भाग घेतला आणि १९७२ मध्ये तिच्यामार्फत सीज कँडीज हा मिठाईचा व्यवसाय २.५ कोटी डॉलरना विकत घेतला. गृहिणींनी न वटवलेल्या तिकिटांच्या आधारावर एका मोठ्या गुंतवणूक साम्राज्याची एक वीट रचली गेली, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते.

तिकिटांच्या धंद्यात एक अंगभूत कोंडी होती. एका दुकानाने तिकिटे दिली की शेजारच्या दुकानाचे गिऱ्हाईक तिकडे वळे. शेजाऱ्यानेही दिली की दोघांचे गिऱ्हाईक पूर्ववत आणि तिकिटांचा खर्च मात्र दोघांच्या माथी. तो अखेर भावात मिसळे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात गृहिणींनी महागाईविरुद्ध मोठ्या दुकानांवर बहिष्कार घातला, तेव्हा तिकिटे व बक्षिसांचे खेळ बंद करून भाव उतरवा, ही त्यांची एक मागणी होती. ब्रिटनमध्ये रिचर्ड टॉम्पकिन्स यांनी १९५८ मध्ये ग्रीन शील्ड तिकिटे आणली, टेस्को या दुकानसाखळीने १९६३ मध्ये ती स्वीकारली आणि सेन्सबरीने कडाडून विरोध केला. १९६४ च्या ट्रेडिंग स्टॅम्प्स ॲक्टने प्रत्येक तिकिटावर त्याचे रोख मूल्य छापणे आणि मागितल्यास रोख पैसे देणे बंधनकारक केले. ग्राहकाच्या हातातील तिकिटाची खरी किंमत किती अल्प आहे, हे त्यामुळे कागदावरच दिसू लागले. १९७७ मध्ये टेस्कोने तिकिटे बंद केली आणि वाचलेला खर्च भाव उतरवण्याकडे वळवला. गिऱ्हाईक कमी न होता वाढले. या काळात खुद्द ब्रिटिश सहकारी दुकानांनीही वहीतील लाभांशाऐवजी तिकिटे देण्यास सुरुवात केली होती, हा इतिहासाचा एक कडवट विनोद म्हणावा लागेल.

महाराष्ट्रातील अनुभव

भारतात रॉचडेलच्या धर्तीवरील पहिले ग्राहक भांडार म्हणून मद्रासच्या ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटीचा (१९०४) उल्लेख केला जातो. त्याच वर्षीचा सहकार कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. ग्राहक संस्थांना कायदेशीर आधार १९१२ च्या कायद्याने मिळाला. दुसऱ्या महायुद्धातील टंचाई आणि शिधावाटपाच्या काळात मुंबई इलाख्यात ग्राहक भांडारे वाढली. मुंबईच्या नायगाव परिसरात १९४८ साली कामगारांच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्था पुढे 'अपना बाजार' या नावाने घरोघरी पोहोचली.

तथापि खरेदीच्या प्रमाणात परतावा या कल्पनेने महाराष्ट्रातील ग्राहकाच्या मनात ब्रिटनसारखे घर केले नाही. त्याची कारणे शोधणे कठीण नाही. येथील ग्राहकापुढचा प्रश्न वर्षाअखेरच्या लाभांशाचा नसून तूर, तेल आणि साखर आज मिळेल की नाही आणि मिळाली तर वजनात पुरी उतरेल की नाही, हा होता. दुसरे असे की, पगाराच्या तारखेपर्यंत उधारी देणारा गल्लीतला वाणी हा रोखीच्या भांडारापेक्षा अनेक कुटुंबांस अधिक उपयोगी होता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने वेगळाच मार्ग स्वीकारला. शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवावयाची, माल घाऊक घ्यावयाचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यावयाचा. यात दुकान नाही आणि परतावाही नाही. जी बचत व्हावयाची ती भावातच होते. परताव्याच्या मधल्या काळाचा प्रश्न तिने तो काळच काढून टाकून सोडवला.

रॉचडेलचे तत्त्व महाराष्ट्रात टिकले ते ग्राहकाच्या बाजूने नव्हे, उत्पादकाच्या बाजूने. कोल्हापूर भागात सहकारी दूध संघाकडून दिवाळीपूर्वी दूध उत्पादकांना मिळणारा 'दर फरक' हा वर्षभर घातलेल्या दुधाच्या प्रमाणात असतो. सणाच्या तोंडावर हाती येणारी ती एकरकमी रक्कम, तिच्यावर अवलंबून असलेले बेत आणि ती किती असावी यावरून सभांत होणारे वाद पाहिले, म्हणजे लँकेशायरमधील लाभांशाच्या दिवसाची कल्पना येऊ शकते. खाजगी ॲपच्या परताव्यावरून असा वाद होत नाही, कारण तो घालण्यास सभाच नाही.

कार्ड, दुवा आणि ॲप

अमेरिकेत १९८६ मध्ये सीअर्स कंपनीच्या डिस्कव्हर कार्डाने वर्षभराच्या खर्चावर रोख परतावा देण्यास सुरुवात केली आणि 'कॅशबॅक' हा शब्द रूढ झाला. कार्डाने पैसे घेणारा दुकानदार बँकेस शुल्क देतो. त्यातील काही भाग कार्डधारकास परत मिळतो. दुकानदार ते शुल्क भावात धरतो आणि तो भाव रोखीने घेणाऱ्यासही द्यावा लागतो. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये केलेल्या गणनेनुसार रोखीने व्यवहार करणारे अमेरिकन कुटुंब वर्षाकाठी सरासरी १४९ डॉलर कार्ड वापरणाऱ्यांकडे वळते करत होते आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबास सरासरी १,१३३ डॉलर मिळत होते. रोखीने व्यवहार करणाऱ्यांत कमी उत्पन्नाची कुटुंबे अधिक असतात. संडरलँडचा प्रश्न येथे आकड्यांत मांडला गेला आहे.

महाजालावरील परताव्याचा आरंभ कॅलिफोर्नियातील ईबेट्स या १९९८ च्या संस्थेपासून धरता येतो. जपानच्या राकुतेनने २०१४ मध्ये ती सुमारे १ अब्ज डॉलरना विकत घेतली. या पद्धतीचे मूळ दलालीत आहे. ग्राहक ॲपमधील दुव्यावरून विक्रेत्याच्या दुकानात जातो. खरेदी झाली की विक्रेता ॲपला ग्राहक आणून दिल्याबद्दल दलाली देतो. ॲप त्यातील काही भाग ग्राहकास देते. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत रक्कम 'प्रलंबित' राहते आणि ठरावीक किमान रक्कम साठल्याखेरीज ती बहुधा काढता येत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आयबोटा या ॲपने पावतीचे छायाचित्र पाठवल्यास परतावा देण्याची पद्धत लोकप्रिय केली. (तिकिटांविरुद्ध गृहिणींनी बहिष्कार घातलेले डेन्व्हर हेच या कंपनीचे गाव, हा केवळ योगायोग.) पावतीमुळे घरात कोणता साबण, कोणते पीठ, कोणते औषध येते याची नोंद कंपनीकडे जमा होते. मालाच्या उत्पादकास ही नोंद मोलाची असते. रॉचडेलच्या वहीतही सभासदाची खरेदी नोंदलेली असे. पण ती त्याच्या लाभांशाचा हिशेब करण्यासाठी होती, इतरांस विकण्यासाठी नव्हे.

भारतात दुव्यावर आधारलेली कॅशकरोसारखी संकेतस्थळे २०१३ पासून कार्यरत झाली. कॅशबॅक हा शब्द सर्वतोमुखी झाला तो मात्र मोबाइलवरील पाकिटांमुळे आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर. परतावा देण्यात शासनही मागे राहिले नाही. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपूर येथे पंतप्रधानांच्या हस्ते भीम ॲपसाठी व्यापाऱ्यांना कॅशबॅक आणि नवा ग्राहक आणणाऱ्यास बक्षीस देणाऱ्या योजना जाहीर झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलचे तेझ, म्हणजे आजचे गूगल पे, आले. त्यातील खरवडण्याच्या पत्त्याने परताव्याच्या इतिहासात एक नवीच गोष्ट आणली : रक्कम आता खरेदीच्या प्रमाणात नव्हती, ती नशिबाच्या हवाली होती. पाचशे रुपयांवर कधी चाळीस, कधी काहीच नाही. लाभांशाची जागा सोडतीने घेतली.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क न घेण्याचे धोरण अमलात आले. साध्या बँक खात्यातून केलेल्या अशा व्यवहारात कंपनीस व्यापाऱ्याकडून काही मिळत नसेल, तर परतावा द्यावयाचा कशातून, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. आरंभीचे उदार परतावे हे ग्राहकाची सवय लावण्यासाठी गुंतवणूकदारांनी केलेला खर्च होते. सवय लागल्यावर ते आटले आणि त्यांची जागा बहुतांशी इतर कंपन्यांच्या सवलत-कूपनांनी घेतली. अशी कूपने पुन्हा काहीतरी विकत घेतल्याखेरीज वापरता येत नाहीत.

मग बचत होते की नाही? होते, पण तिची मर्यादा साध्या अंकगणिताने कळते. महिन्यास ६,००० रुपयांचे वाणसामान घेणाऱ्या कुटुंबास २ टक्के परतावा मिळाला तर हाती १२० रुपये येतात. किमान खरेदीची अट पुरी करण्यासाठी नको असलेली ३०० रुपयांची एकच वस्तू टोपलीत पडली तर अडीच महिन्यांचा परतावा गेला. तोच माल शेजारच्या दुकानात किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त असेल तर परतावा मिळूनही तोटा होऊ शकतो. म्हणून जे घ्यावयाचे ते आधी यादीत लिहून, परतावा वजा जाता पडणारा दर किलोमागे वा लिटरमागे काढून, आणि साठलेली रक्कम वेळच्या वेळी बँक खात्यात वळती करून व्यवहार करणाऱ्यासच ही ॲप लाभदायक ठरतात. रॉचडेलमध्ये हे गणित दुकानाची समिती सर्वांच्या वतीने करत असे. आज ते प्रत्येक घराने स्वतंत्रपणे करावयाचे आहे, तेही समोरच्या पक्षाचे आकडे न पाहता. या अज्ञानाचा गैरफायदा घेणारेही आहेत. परतावा जमा करण्यासाठी यूपीआय पिन टाका असे सांगून खाते रिकामे करण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले. पैसे स्वीकारण्यास पिन लागतच नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आपली कोणती माहिती वापरली जाते आणि ती कोणास दिली गेली हे विचारण्याचा हक्क नागरिकास मान्य केला आहे. पावतीच्या छायाचित्राचे पुढे काय झाले, हे त्याअन्वये विचारता येईल. त्या पावतीवर कंपनीस किती दलाली मिळाली आणि तिच्यातील किती ग्राहकास दिली, हे सांगण्याचे बंधन मात्र त्या कायद्यात नाही.